पहिल्यांदाच १६एसचा डेटा हातात आलाय? मग कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे वाचा

१६एसचं, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या जीनचं, सिक्वेन्सिंग झालं, फाइल्स आल्या, प्रत्येक सॅम्पलच्या दोन-दोन, आणि गाइड म्हणाले "बघ जरा त्यात कुठले कुठले जिवाणू आहेत ते". बस, एवढंच. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. मी मूळची लॅबमधली, पिपेट हातात असलं की निवांत, टर्मिनलचा काळा स्क्रीन दिसला की धडधड. पहिला डेटासेट मी चार वेळा अगदी पहिल्यापासून केला, आणि चारही वेळा गडबड सॉफ्टवेअरची नव्हती, माझीच होती. म्हणून हे लिहितेय. "कुठलं टूल चांगलं" हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मीही विचारला होता, पण खरं सांगू, तो बराच नंतरचा प्रश्न आहे. आपल्याकडे नक्की काय आलंय आणि प्रत्येक पायरीनंतर किती रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) उरले, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवलंत तर टूल कुठलंही चालतं.

१. आधी बघा, तुमच्याकडे आहे काय

दोन प्रकार असतात आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. एक म्हणजे ॲम्प्लिकॉन, यात एकाच जीनचा तुकडा पीसीआरने वाढवून वाचलेला असतो, जिवाणूंसाठी बहुतेक वेळा १६एस, बुरशीसाठी आयटीएस. दुसरा शॉटगन, म्हणजे सॅम्पलमधला सगळाच डीएनए तुकडे करून वाचलेला. दोन्हीला लोक सरसकट "मेटाजीनोमिक्स" म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो, कारण दोन्हीची टूल्स वेगळी आहेत. १६एसच्या फाइल्स शॉटगनच्या पाईपलाईनमधे घातल्या तर काहीतरी उत्तर येतंसुद्धा, चुकीचं येतं एवढंच.

१६एस जीन साधारण १५०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), त्यात व्ही१ ते व्ही९ असे नऊ बदलते भाग. शॉर्ट रीडमधे पूर्ण जीन मावत नाही म्हणून एखाद-दोन भागच वाचतात, जास्त करून व्ही४ किंवा व्ही३-व्ही४. तुमचा भाग कुठला, हे पाठ करून ठेवा. पुढे दहा ठिकाणी लागतं.

२. ही माहिती आधी मागून घ्या

सिक्वेन्सिंग करणाऱ्यांना एकच मेल टाका आणि सगळं एकदम विचारा, नंतर त्यांनाही आठवत नाही.

- प्रायमरचं (पीसीआर जिथून सुरू होतो तो डीएनएचा छोटा तुकडा) नाव आणि पूर्ण सिक्वेन्स, दोन्ही बाजूंचा. नुसतं "व्ही३-व्ही४ केलंय" पुरत नाही
- प्रायमर रीड्समधून काढलेत की अजून आहेत
- मशीन कुठलं आणि रीडची लांबी किती, २ गुणिले २५० की २ गुणिले ३००
- सॅम्पलप्रमाणे फाइल्स वेगळ्या केल्यात की सगळं एकाच गठ्ठ्यात आहे
- सगळी सॅम्पल्स एकाच रनमधली आहेत की दोन-तीन रनमधली
- एमडी५ चेकसमची यादी, म्हणजे डाउनलोड अर्धवट झालंय का ते तपासता येतं
- निगेटिव्ह कंट्रोल (सॅम्पल न घालता केलेले कोरे) सिक्वेन्स केलेत का, आणि केले असतील तर त्यांच्याही फाइल्स

शेवटचं लोक मागतच नाहीत. "त्यात काही आलंच नाही म्हणून पाठवलं नाही" असं उत्तर मला मिळालं होतं. मागा तरी.

आणि हो, मूळ फाइल्सची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवून रीड-ओन्ली करून टाका. आजच.

३. कॉम्प्युटर आणि इन्स्टॉलेशन

१६एससाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप बहुतेक वेळा पुरतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून आत उबुंटू घ्या, मॅक आणि लिनक्सवर थेट चालतं.

टूलचं म्हणाल तर तीन रस्ते आहेत. चाइम २ (स्पेलिंग बघून लोक क्यू-आय-आय-एम-ई म्हणतात, उच्चार चाइम) हे टर्मिनलवरून चालतं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एका छपराखाली करतं. दुसरा, आर या प्रोग्रॅमिंग भाषेत डाडा२ आणि फायलोसेक ही पॅकेजेस. तिसरं मोदर, २००९ पासूनचं आहे आणि अजून लोक वापरतात. आर येत असेल तर आर घ्या, काहीच येत नसेल तर चाइम २ घ्या, शेजारचा माणूस मोदर वापरत असेल आणि त्याला वेळ असेल तर मोदर घ्या. गंमत नाही करत, अडल्यावर विचारायला माणूस असणं फार मोठं आहे. आणि चाइम २ च्या आत डाडा२ च चालतं, त्यामुळे त्या दोघांत फार जीव अडकवू नका.

चाइम १ च्या जुन्या नोट्स कोणी दिल्या तर नम्रपणे बाजूला ठेवा, त्याचा सपोर्ट २०१७ संपता संपता बंद झाला.

इन्स्टॉल कोंडाने (सॉफ्टवेअर टाकायचं एक साधन) करायचं आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट करून त्यात करायचं. बेस एन्व्हायर्नमेंटमधे काहीही टाकू नका. मी टाकलं होतं, दोन दिवस लायब्ररींच्या भांडणात गेले आणि शेवटी सगळं उडवून पुन्हा केलं.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच आपला डेटा घालू नका. चाइम २ च्या साइटवर मूव्हिंग पिक्चर्स नावाचं ट्युटोरियल आहे, ३४ सॅम्पल्स, माणसाची जीभ, आतडं, दोन्ही तळहात. ते आधी पूर्ण करा. ते नीट चाललं आणि तुमचं नाही चाललं, तर निदान गडबड इन्स्टॉलेशनमधे नाही एवढं कळतं.

४. मेटाडेटा, म्हणजे एक्सेलची कृपा

मेटाडेटा म्हणजे कुठलं सॅम्पल कशाचं याचा तक्ता. दिसायला सोपा, आणि माझ्या अंदाजाने नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात.

आम्ही सॅम्पल्सना २ए१, २बी१ अशी इंग्रजीत नावं दिली होती, प्लेटच्या हिशोबाने. पाचव्या ओळीतलं सॅम्पल झालं दोन-ई-एक. एक्सेलला वाटलं ही वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेली संख्या आहे, त्याने त्याचे २० केले. १-२ असं नाव असेल तर तारीख होते. ०१ चा शून्य गळतो. आणि फाइल एकदा सेव्ह झाली की मूळ नाव गेलं ते गेलंच. चाइम म्हणत होतं हे सॅम्पल मेटाडेटात नाही, मी म्हणत होते डोळे फुटलेत का तुझे, आणि खरं तर माझेच फुटले होते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक नावाची सुरुवात अक्षराने करा, म्हणजे एस००१, एस००२. मार्च किंवा सप्टेंबरच्या इंग्रजी नावासारखं काही दिसेल असं नाव नको. स्पेस नको, अंडरस्कोअरही शक्यतो टाळा कारण फाइलच्या नावातून सॅम्पलचं नाव काढताना बरीच टूल्स अंडरस्कोअरवरच तोडतात. सेव्ह टीएसव्ही फाइलमधे करा, म्हणजे कॉलम टॅबने वेगळे केलेल्या. आणि डीएनए कुठल्या दिवशी, कुठल्या किटने, कोणी काढला याचे कॉलम आत्ताच घाला, सहा महिन्यांनी पीसीओए प्लॉटवर (सारखी सॅम्पल्स जवळजवळ दाखवणारा आलेख) दोन ठिपक्यांचे घोळके दिसतील आणि ते रुग्ण विरुद्ध निरोगी नसतील, सोमवारची बॅच विरुद्ध गुरुवारची बॅच असतील.

५. क्वालिटी बघा, प्रायमर काढा

फास्टक्यूसीने प्रत्येक फाइलचा रिपोर्ट काढा आणि मल्टीक्यूसीने ते सगळे एका पानावर आणा. क्यू२० म्हणजे शंभरात एक बेस चुकीचा असण्याची शक्यता, क्यू३० म्हणजे हजारात एक. रिव्हर्स रीडची (तुकडा दुसऱ्या टोकाकडून वाचलेला; पहिल्या टोकाकडून तो फॉरवर्ड) क्वालिटी शेवटाकडे घसरतेच, घाबरू नका. फास्टक्यूसी "डुप्लिकेशन" वर लाल फुली मारेल, तिकडेही दुर्लक्ष करा, एकच जीन लाखो वेळा वाचल्यावर डुप्लिकेट दिसणारच ना.

प्रायमर कटअ‍ॅडॅप्टने काढा, आणि ज्या रीडमधे प्रायमर सापडला नाही तो फेकून द्यायचा ऑप्शन चालू ठेवा. ९० टक्क्यांहून जास्त रीड्समधे प्रायमर सापडायला हवा. पाच-दहा टक्केच सापडला तर एक तर तो आधीच काढलेला आहे, नाहीतर तुम्हाला चुकीचा सिक्वेन्स दिलाय. अशा वेळी फाइल उघडून पहिल्या वीस रीड्सची सुरुवात डोळ्यांनी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

६. डाडा२: इथे कागद-पेन घ्या

डाडा२, २०१६ मधे आलेलं. आधी लोक ९७ टक्के सारखे सिक्वेन्स एका गटात टाकायचे, त्याला ओटीयू म्हणायचे. डाडा२ मशीनच्या चुका ओळखून त्या वजा करतं आणि एका बेसचा फरकही वेगळा धरतं, त्या सिक्वेन्सना एएसव्ही म्हणतात. इथे तुम्हाला दोन आकडे द्यावे लागतात, फॉरवर्ड रीड कुठे कापायचा आणि रिव्हर्स कुठे. ट्युटोरियलमधले आकडे तसेच्या तसे उचलणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे आणि मी त्यात पूर्ण पडलेय.

हिशोब असा. समजा ३४१एफ आणि ८०५आर प्रायमर आहेत, व्ही३-व्ही४. तुकडा साधारण ४६० बेसचा. एक प्रायमर १७ चा, दुसरा २१ चा, ते काढले की उरला ४२२. रीड्स २ गुणिले २५० असतील तर प्रायमर काढल्यावर फॉरवर्ड २३३, रिव्हर्स २२९, बेरीज ४६२. म्हणजे दोन रीड एकमेकांवर येतात फक्त ४० बेस, आणि जोडायला डाडा२ ला किमान १२ लागतात. आता मी रिव्हर्सची क्वालिटी वाईट दिसली म्हणून २३० आणि १८० वर कापलं. बेरीज ४१०. तुकडाच ४२२ चा, तर जोडणार कुठून? मर्जच्या (जोडलेल्या रीड्सच्या) कॉलममधे जवळपास शून्य, आणि मी दोन दिवस सिक्वेन्सिंगला नावं ठेवत होते.

यातही एक बारीक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. व्ही३ ची लांबी सगळ्या जिवाणूंमधे सारखी नसते, वीस-पंचवीस बेसचा फरक पडतो. त्यामुळे तुम्ही अगदी काठावर कापलंत तर आखूड तुकड्याचे जिवाणू जोडले जातात आणि लांबवाले गळतात. एरर येत नाही, रीड्सही बऱ्यापैकी उरतात, आणि रिझल्टमधून अख्खे गट गायब. म्हणून हिशोब सर्वात लांब तुकड्याचा करा आणि वर वीसेक बेस हातात ठेवा.

५१५एफ-८०६आर म्हणजे व्ही४ असेल तर तुम्ही सुखी आहात, तुकडा प्रायमरशिवाय साधारण २५३ चा, २ गुणिले २५० मधे बिनधास्त कापा. २२० आणि १६० केलं तरी बेरीज ३८०, जोडायला भरपूर जागा.

अजून एक, कापायच्या लांबीपेक्षा आखूड असलेला रीड डाडा२ टाकूनच देतं. प्रायमर काढून रीड २३३ चा झालाय आणि तुम्ही लिहिलं २४०, तर सगळेच रीड्स गेले. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल फाइलच खराब आहे.

रन झाल्यावर एक तक्ता मिळतो, सुरुवातीला किती, फिल्टरनंतर किती, जोडल्यावर किती, कायमेरा (पीसीआरमधे दोन जिवाणूंचे तुकडे चिकटून झालेले खोटे सिक्वेन्स) काढल्यावर किती. हा तक्ता उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. समजा ५०,००० ने सुरुवात, ४१,००० फिल्टरमधून पास, ३६,००० जोडले गेले, ३१,००० शेवटी उरले, तर छान आहे. एका पायरीत एकदम दरी पडली तर चूक त्याच पायरीत:

- फिल्टरमधे पडली तर कापायची लांबी किंवा क्वालिटी
- मर्जमधे पडली तर वरचा बेरजेचा हिशोब
- कायमेरात निम्म्याहून जास्त रीड्स गेले तर बहुतेक प्रायमर राहिलेत. प्रायमरमधे एन, डब्ल्यू, एच अशी अक्षरं असतात, त्या जागी एकाहून जास्त बेसपैकी कुठलाही येऊ शकतो, डाडा२ ला तो खरा फरक वाटतो आणि ते चांगल्या रीडलाही कायमेरा ठरवतं

एएसव्हींची संख्या कायमेरानंतर धाडकन खाली आली तर मात्र हरकत नाही, बघायचे ते रीड्स.

डेटा दोन रनचा असेल तर प्रत्येक रन वेगळा डिनॉइज करा, म्हणजे डाडा२ मधून वेगळा काढा, आणि मग तक्ते एकत्र करा. चुकांचं मॉडेल रनगणिक वेगळं असतं.

७. नावं द्यायची

एएसव्ही म्हणजे नुसती अक्षरं, त्यांना जिवाणूचं नाव द्यायला डेटाबेस लागतो. सिल्व्हा बहुतेकांना पुरतो. ग्रीनजीन्सची १३_८ आवृत्ती २०१३ ची आहे, जुन्या पेपरात दिसेल, आता घ्यायची तर ग्रीनजीन्स२ घ्या. बुरशीसाठी युनाइट.

चाइम २ मधे तयार क्लासिफायर (नावं ओळखायला शिकवलेलं मॉडेल) डाउनलोड केलात तर तो तुमच्या चाइमच्या आवृत्तीसाठीचाच हवा, नाहीतर सायकिट-लर्नची आवृत्ती जुळत नाही असा लांबलचक एरर येतो. आणि नुसतं "किल्ड" असं लिहून बंद पडलं तर मेमरी संपली, एकाच वेळी चालणारे जॉब्स एकावर आणा.

स्पीशीजच्या नावावर भाळू नका. व्ही४ च्या अडीचशे बेसमधे एशरिकिया आणि शिगेला वेगळे करता येत नाहीत, म्हणून सिल्व्हा दोघांना जोडून एकच नाव देतं. जीनसपर्यंत बोला, पुढे जपून. आणि फर्मिक्यूट्सचं आता बॅसिलोटा झालंय, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा, त्यामुळे दोन डेटाबेसचे रिझल्ट शेजारी ठेवलेत तर एकच गट दोन वेगळ्या नावांनी दिसेल. आमच्याकडे एकजण "नवीन फायलम सापडलं" म्हणून उड्या मारत होता.

८. नको ते काढा

क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रिया यांचे पूर्वज जिवाणूच, त्यामुळे १६एसचे प्रायमर त्यांनाही उचलतात. झाडाची मुळं-पानं असतील तर अर्धे रीड्स यांचेच असू शकतात. सिल्व्हामधे क्लोरोप्लास्ट सायनोबॅक्टेरियाच्या आत आणि मायटोकॉन्ड्रिया रिकेट्सिआलीसच्या आत असतात, म्हणून फायलमचा बार प्लॉट बघून लक्षात येत नाही. टॅक्सॉनॉमीने फिल्टर करा.

निगेटिव्ह कंट्रोल इथे कामाला येतात. किटमधे, पाण्यात, हातमोज्यांवर डीएनए असतोच. सॅम्पलमधे जिवाणू कमी असतील, म्हणजे रक्त, त्वचेचा स्वॅब, तर दिसणारं बरंचसं किटमधलंच असू शकतं. आर मधलं डीकॉन्टॅम पॅकेज कंट्रोलशी ताडून संशयित एएसव्ही काढून देतं. यादी मात्र स्वतः वाचा, कारण शेजारच्या सॅम्पलमधून कंट्रोलमधे उडालेला खरा जिवाणूही त्यात येतो.

९. विविधता आणि तुलना

प्रत्येक सॅम्पलचे रीड्स वेगळे, मग तुलना कशी? रूढ पद्धत म्हणजे रेअरफॅक्शन, सगळ्यांतून सारखे रीड्स चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचे. यावर २०१४ पासून जोरदार वाद आहे. माझं मत, अल्फा (एका सॅम्पलच्या आतली) आणि बीटा (सॅम्पल्समधल्या फरकाची) डायव्हर्सिटीसाठी करा, कुठला जिवाणू वाढला-घटला हे बघताना करू नका. किती रीड्सवर कापायचं हे तक्ता बघून ठरवा: सर्वात लहान सॅम्पल ९०० रीड्सचं आणि त्याच्या वरचं ११,००० चं असेल तर एका सॅम्पलसाठी सगळ्यांना ९०० वर आणू नका, ते एक सोडा आणि तसं लिहा.

बीटासाठी ब्रे-कर्टिस किंवा युनिफ्रॅक (दोन सॅम्पल्समधलं अंतर मोजायच्या पद्धती), मग पर्मानोव्हा (गटागटांत फरक आहे का ते बघणारी टेस्ट). पर्मानोव्हाचा पी चांगला आला की पर्मडिस्पही (गटांचा पसारा तपासणारी टेस्ट) चालवा, कारण एका गटाचे ठिपके नुसते जास्त पसरलेले असले तरी पी छोटा येऊ शकतो.

कुठला जिवाणू वाढला हे बघायला टी-टेस्ट नको. आकडे टक्क्यांचे आहेत, एक वाढला की बाकीचे आपोआप कमी दिसतात, खरे कमी झालेले नसले तरी. त्यासाठी अ‍ॅन्कॉम-बीसी, अ‍ॅल्डेक्स२, मास्लिन२ आहेत. २०२२ मधे अशा १४ पद्धती ३८ डेटासेट्सवर चालवून पाहिल्या गेल्या तेव्हा उत्तरं एकमेकांशी बरीच जुळली नाहीत. म्हणून दोन पद्धती आधीच ठरवा, दोन्हीत आलेलंच ठामपणे लिहा. दहा पद्धती चालवून आवडती निवडायची नाही.

आणि ३० टक्के रीड्स म्हणजे ३० टक्के पेशी नव्हेत. ई. कोलायमधे १६एसच्या ७ प्रती असतात, क्षयाच्या जिवाणूत एकच.

१०. शॉटगन असेल तर

यावर वेगळा लेख लागेल, थोडक्यात सांगते. फास्टपीने साफसफाई, मग बोटाय२ ने यजमानाचा डीएनए काढणं. माणसाचं सॅम्पल असेल तर हे टाळूच नका, त्या रीड्समधे माणसाची ओळख असते.

कोण आहे ते बघायला क्रॅकन २ आणि त्यानंतर ब्रॅकन, किंवा मेटाफ्लॅन. क्रॅकन वेगवान आहे पण मेमरी खातो, लहान मशीनसाठी ८ आणि १६ जीबीचे छोटे डेटाबेस मिळतात. त्याची कॉन्फिडन्सची मर्यादा मुळात शून्य असते, ती ०.१ वगैरे करा नाहीतर जगातले सगळे जिवाणू तुमच्या सॅम्पलमधे सापडतील. क्रॅकन रीड्स मोजतो, मेटाफ्लॅन मार्कर जीन्सवरून प्रमाण काढतं, म्हणून दोघांचे टक्के एका तक्त्यात ठेवू नका. काय काम करतात ते बघायला ह्यूमॅन. जीनोम जोडायचे तर मेगाहिट (तुकडे जोडायला), मग मेटाबॅट२ (जीनोमप्रमाणे गट करायला), मग चेकएम (दर्जा तपासायला). ९० टक्क्यांच्या वर पूर्ण आणि ५ टक्क्यांच्या आत भेसळ ही चांगल्या जीनोमची रूढ अट, तिच्यात आरआरएनए आणि टीआरएनए जीन्सही बघतात. लॅपटॉपवर हे करायला जाऊ नका, सर्व्हर शोधा.

११. वही

प्रत्येक कमांड एका टेक्स्ट फाइलमधे, तारखेसकट. टूलची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, कापायचे आकडे, रेअरफॅक्शनचा आकडा आणि रँडम सीड (चिठ्ठ्या पुन्हा तशाच निघाव्यात म्हणून दिलेला आकडा). चाइमच्या क्यूझेडए आणि क्यूझेडव्ही फाइल्स आतून झिपच असतात आणि त्या कशा बनल्या ते त्यांच्यातच लिहिलेलं असतं, चाइम २ व्ह्यूमधे टाकून प्रोव्हेनन्सचा टॅब उघडा. मला एकदा रिव्ह्यूअरने ट्रंकेशनचे, म्हणजे कापायचे, आकडे विचारले, वही घरी राहिली होती, तिथून काढून दिले.

जर्नलला पाठवायच्या आधी रॉ फाइल्स एसआरए किंवा ईएनएवर (सिक्वेन्सचे सार्वजनिक साठे) टाकाव्या लागतात, प्रायमर न काढलेल्या, मूळच्या. त्याला मेटाडेटाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि तो भरायला एक अख्खा दिवस जातो, त्यामुळे शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.